वाचकांचे प्रश्न : परवाना मिळेपर्यंत, आणि मिळाला नाही तर

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात, म्हसरूळला आहे, आणि ज्या घरात कोणीतरी डॉक्टर आहे किंवा होऊ घातले आहे अशी घरे या शहरात गल्लोगल्ली सापडतात. त्या डॉक्टरांपैकी जे परदेशी स्थायिक होतात, त्यांच्यापुढे तिथे पोहोचल्यावर काय वाढून ठेवलेले असते, याची मोकळी चर्चा मात्र फारशी होत नाही. अलीकडे या सदराकडे आलेली बरीच पत्रे याच विषयाची असल्याने या अंकातील संपूर्ण जागा त्यांना दिली आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी मूळची इंदिरानगरची. एमबीबीएस आणि डीजीओ (स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राची पदविका) करून नाशिकरोडच्या एका रुग्णालयात काही वर्षे काम केले. तीन वर्षांपूर्वी पतीच्या नोकरीनिमित्त कॅनडात, ओंटारिओ प्रांतातील मिसिसॉगा येथे आले. परवान्याच्या वाटेवरच्या एमसीसीक्यूई भाग १ (वैद्यकीय ज्ञानाची) आणि एनएसी (प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याची) या दोन्ही परीक्षा उत्तीर्ण झाले, पण रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या जागांच्या, वाटपात दोनदा माझे नाव आले नाही. सध्या औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करते. इथल्या समुपदेशक मला 'पर्यायी करिअर'चा विचार करायला सांगतात आणि ते शब्द ऐकले की आपण आता डॉक्टर राहिलो नाही असे वाटते. माझे वय ३९ आहे. पुन्हा प्रयत्न करावा की थांबावे? आणि दुसरे काम म्हणजे नेमके कोणते?

उत्तर : दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊनही रेसिडेन्सी मिळाली नाही, याचा अर्थ आपले वैद्यकीय ज्ञान तिथल्या कसाला उतरले नाही असा मुळीच नाही. कॅनडात परीक्षा आणि परवाना यांच्यामध्ये रेसिडेन्सीची पायरी आहे, त्या जागांचा खर्च प्रांतिक सरकारे उचलतात आणि म्हणून त्यांची संख्याही तीच ठरवतात. कार्म्स या मध्यवर्ती वाटपात परदेशात शिकलेल्या पदवीधरांसाठी बहुतेक प्रांतांत वेगळ्या आणि मोजक्या जागा असतात. त्यांतील बऱ्याच फॅमिली मेडिसिनच्या असतात आणि अर्जदारांची संख्या जागांपेक्षा कितीतरी अधिक असते. पदवी किती वर्षांपूर्वीची आहे, प्रत्यक्ष रुग्णसेवा शेवटची कधी केली, तिथल्या डॉक्टरांची शिफारसपत्रे आहेत का, अशा गोष्टींवरून अर्ज बाजूला पडतात, आणि त्यांतील काही गोष्टी अर्जदाराच्या हातात नसतात.

माझे मत असे आहे की प्रयत्न जरूर चालू ठेवावा, पण त्याला एक तारीख घालून घ्यावी, आणि दुसऱ्या कामाचा शोध त्या तारखेसाठी अडवून न ठेवता आत्ताच सुरू करावा. रुग्णसेवेपासून दूर गेलेले प्रत्येक वर्ष रेसिडेन्सीच्या अर्जात आपल्या विरुद्ध मोजले जाते, आणि काउंटरवर काढलेले वर्ष दुसऱ्या चांगल्या कामाच्या अर्जातही फारसे जमेस धरले जात नाही. असे दुहेरी नुकसान सोसत चार-पाच वर्षे काढणारे डॉक्टर थोडे नाहीत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून काळजी वाटते, कारण त्यांना कोणीही वेळीच स्पष्ट शब्दांत सल्ला दिलेला नसतो.

रेसिडेन्सीखेरीज परवान्याचा आणखी एक मार्ग आहे, तो आधी पाहून घ्या. काही प्रांतांत, आणि २०२३ पासून ओंटारिओतही, ज्यांनी परदेशात स्वतंत्रपणे वैद्यक व्यवसाय केला आहे अशा डॉक्टरांना साधारण १२ आठवडे प्रत्यक्ष कामावर पारखून घेण्याची योजना चालते. तिला प्रॅक्टिस रेडी असेसमेंट म्हणतात. उत्तीर्ण झाल्यास डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काही वर्षे सेवा देण्याचा करार करावा लागतो. या योजनेचा भर मुख्यतः फॅमिली मेडिसिनवर असतो आणि अलीकडच्या काळातील रुग्णसेवा तिथे आवश्यक धरली जाते, त्यामुळे तीन वर्षांचा खंड आपल्याला अडचणीचा ठरू शकतो. तरीही प्रत्येक प्रांताच्या अटी वेगळ्या असल्याने केवळ ओंटारिओच्या अटी वाचून निष्कर्षावर येऊ नये; मॅनिटोबा, सस्कॅचेवान, नोव्हा स्कोशिया यांच्याही अटी स्वतः वाचाव्यात.

आता दुसऱ्या कामाविषयी. आपल्या शिक्षणाच्या सर्वांत जवळचे आणि परवान्याची अट नसलेले काम म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे समन्वयन. ते केवळ कागदपत्रांचे काम आहे असा समज आहे, म्हणून थोडे तपशिलाने सांगते. समजा एखाद्या रुग्णालयात हृदयविकारावरील नव्या औषधाची चाचणी चालू आहे. समन्वयकाने सकाळी बाह्यरुग्ण विभागाची यादी घेऊन बसायचे आणि कोण निकषांत बसतो हे ठरवण्यासाठी प्रत्येकाचे क्रिएटिनिन, ईसीजीतील क्यूटी अंतर, चालू असलेली औषधे पाहायची. पात्र वाटलेल्या रुग्णाला पंधरा-वीस पानांचे संमतीपत्रक त्याला समजेल अशा भाषेत सांगायचे, आणि तो नको म्हणाला तर त्या नकाराचा मान राखायचा. पुढच्या प्रत्येक भेटीची नोंद मूळ कागदावर वेळच्या वेळी करायची, आणि रुग्णाला गंभीर त्रास झाल्यास प्रायोजक कंपनीला साधारणपणे २४ तासांच्या आत कळवायचे. औषधाचा निर्णय मुख्य अन्वेषक डॉक्टरांचा असतो. पण "या बाईंचे पोटॅशियम गेल्या भेटीपेक्षा वाढले आहे, एकदा पाहता का" हे त्यांच्या लक्षात आणून देणारी व्यक्ती जर स्वतः डॉक्टर असेल, तर चाचणीची आणि रुग्णाची सुरक्षितता कितीतरी वाढते. आपण स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातल्या आहात. गर्भारपणातील मधुमेह, वंध्यत्व, रजोनिवृत्ती या विषयांवर टोरंटो परिसरातील अध्यापन रुग्णालयांत सतत संशोधन चालते, आणि तिथे आपला अनुभव थेट उपयोगी पडेल. तयारी म्हणून गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचे, म्हणजे औषध चाचण्या कशा कराव्यात याच्या नियमांचे, प्रशिक्षण आणि कॅनडातील संशोधन नीतीवरील टीसीपीएस-२ कोअर हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम लगेच पूर्ण करता येईल.

याच वाटेवरचा एक संघटित आधार म्हणजे टोरंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा परदेशात शिकलेल्या डॉक्टरांसाठीचा ब्रिजिंग कार्यक्रम. तो परवान्याच्या परीक्षेची तयारी करून घेत नाही. संशोधन, आरोग्यविषयक माहितीचे विश्लेषण, प्रकल्प व्यवस्थापन अशा परवाना न लागणाऱ्या कामांसाठी डॉक्टरांना तयार करतो. अशा कार्यक्रमाचा खरा लाभ वर्गातील व्याख्यानांपेक्षा त्यातून मिळणाऱ्या ओळखींचा असतो, असे मला वाटते, कारण पहिली संधी बहुधा ओळखीतूनच मिळते. टोरंटो परिसरातील ट्रायेक या संस्थेची मार्गदर्शक जोडून देण्याची योजनाही त्याच कारणासाठी पाहावी.

रुग्णालयातील संसर्ग प्रतिबंधाचे काम, सार्वजनिक आरोग्य विभागातील कार्यक्रम, औषध सुरक्षितता, वैद्यकीय लेखन हेही मार्ग आहेत. सोनोग्राफीबद्दल अनेक जण विचारतात. आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टर स्वतः करतात. तिथे ती प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात आणि अहवाल रेडिओलॉजिस्ट देतात. ओंटारिओत हा नियंत्रित व्यवसाय असल्याने त्यासाठी मान्यताप्राप्त शिक्षण आणि परीक्षा लागते, म्हणजे पुन्हा दोनेक वर्षे विद्यार्थीदशा. ज्यांना रुग्णाजवळ राहायचेच आहे त्यांनी हा विचार करावा. फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णसेवा करणारा सहायक, हे पद १ एप्रिल २०२५ पासून ओंटारिओत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सच्या नियंत्रणाखाली आले आहे. परदेशी एमबीबीएसच्या आधारे ते थेट मिळत नाही, हे लक्षात ठेवावे.

आपण बायोडेटाची प्रत पाठवली, ते बरे झाले. चार पानांपैकी पहिल्या अर्ध्या पानात छायाचित्र, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि पतीचे पूर्ण नाव आहे. हे सर्व काढून टाकावे, तिथे ते अपेक्षित नसते. पुढे "बाह्यरुग्ण विभाग व प्रसूती कक्षाची जबाबदारी सांभाळली" एवढेच वाक्य आहे आणि आपली सारी वर्षे त्यात संपली आहेत. प्रसूती कक्षातील रक्तस्रावाच्या घटनांची नोंदवही आपण सुरू केली होती आणि दर महिन्याला परिचारिकांसोबत बसून तिचा आढावा घेत होता, असे पत्रात लिहिले आहे. संशोधन समन्वयक निवडणाऱ्याला नेमके हेच वाचायचे असते, आणि बायोडेटात त्याचा उल्लेखही नाही. दोन पानांत, अशा कामांना पुढे आणून, नव्याने लिहावा. 'कॅनेडियन अनुभव' नाही म्हणून कचरू नये. २५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ओंटारिओतील आस्थापनांना १ जानेवारी २०२६ पासून जाहिरातीत तशी अट घालण्यास कायद्याने मनाई झाली आहे.

राहता राहिले डॉक्टर असणे. तिथे परवान्याशिवाय रुग्णसेवेत ती उपाधी लावता येणार नाही, हे खरे आहे. पण आपली पदवी कायम आहे आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणीही आपण टिकवू शकता. तिचे नूतनीकरण दर ५ वर्षांनी करावे लागते आणि त्यासाठी सततच्या वैद्यकीय शिक्षणाचे (परिषदा, कार्यशाळा यांचे) ३० क्रेडिट गुण लागतात. परदेशात गेलेले अनेक जण ही नोंदणी आळसाने संपू देतात. तसे करू नका. उद्या काही कारणाने नाशकात परतून रुग्ण तपासावेसे वाटले, किंवा एखाद्या प्रांताच्या अटींसाठी काही महिने इथे प्रत्यक्ष काम करणे आवश्यक ठरले, तर ती नोंदणी चालू असणे फार मोलाचे ठरेल.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघे एमबीबीएस असून सिडकोत आमचा दवाखाना आहे. कॅनडाचा पीआर (कायम निवासाचा हक्क) मंजूर झाला आहे आणि दिवाळीनंतर जाण्याचा विचार आहे. इथून निघण्यापूर्वी काय तयारी करावी?

उत्तर : सर्वांत आधी नावे तपासा. पदवीवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, पासपोर्टवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव, कौन्सिलच्या नोंदणीवर तिसरेच काहीतरी, ही महाराष्ट्रातील डॉक्टर स्त्रियांची नेहमीची अडचण आहे. तिथल्या कार्यालयांना मधले नाव लग्नानंतर बदलते ही पद्धतच ठाऊक नसते आणि एका अक्षराच्या फरकासाठी अर्ज अडून राहतो. विवाह प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदल आणि प्रतिज्ञापत्र इथेच तयार करून सर्व कागदांवरील नाव शक्य तितके एकसारखे करून घ्या. आपण दोघांचे शिक्षण नाशिकच्या विद्यापीठाचे असेल तर गुणपत्रकांचे ट्रान्स्क्रिप्ट म्हसरूळला स्वतः जाऊन मागता येतील. तिथे पोहोचल्यावर हेच काम नातेवाइकांकरवी करवून घेणे फार जिकिरीचे होते. ज्यांचे शिक्षण विद्यापीठ स्थापन होण्याआधी पूर्ण झाले, त्यांना ज्या विद्यापीठाची पदवी आहे त्याच्याकडे, नाशिकच्या महाविद्यालयांच्या बाबतीत पुणे विद्यापीठाकडे, जावे लागेल. इंटर्नशिपचे प्रमाणपत्र आणि कौन्सिलकडून वर्तनाचा दाखला, म्हणजे गुड स्टँडिंग, हेही हवे.

आपला व्यवसाय स्वतःच्या दवाखान्याचा असल्याने एक जास्तीचे काम आहे. रुग्णालयात नोकरी करणाऱ्याला लेटरहेडवर अनुभवपत्र मिळते. स्वतंत्र दवाखाना चालवणाऱ्याला ते कोण देणार? म्हणून आयकर विवरणपत्रे, सनदी लेखापालाचे पत्र, ज्या मोठ्या रुग्णालयांकडे आपण रुग्ण पाठवत होता तिथल्या तज्ज्ञांची पत्रे आणि वैद्यकीय संघटनेच्या नाशिक शाखेच्या सदस्यत्वाचा दाखला, असा पुरावा जमवून ठेवावा. दवाखाना निघण्याच्या आधी सहा महिने बंद करू नये, शेवटच्या महिन्यापर्यंत चालू ठेवावा. अलीकडच्या रुग्णसेवेला किती महत्त्व आहे ते वरच्या उत्तरात आलेच आहे. एमसीसीक्यूई भाग १ भारतातूनही देता येते. जमल्यास दोघांपैकी एकाने ती इथेच द्यावी, कारण तिथे पोहोचल्यावर घरभाडे आणि मुलांची शाळा सुरू झाली की अभ्यासाचा वेळ हाती लागत नाही. एनएसी मात्र कॅनडातच द्यावी लागते.

आणि 'दोघांपैकी एकाने' या शब्दांवर मी भर देते. दोघांनी एकाच वेळी परवान्याच्या मागे लागल्यास बचत वर्षभरात संपते आणि मग मिळेल ते काम पत्करावे लागते. एकाने परीक्षांची वाट धरावी, दुसऱ्याने पहिल्या दिवसापासून संशोधन किंवा आरोग्य प्रशासनातील कामाच्या दिशेने जावे, आणि पाळी कधी बदलायची हे इथे असतानाच ठरवावे. बहुतेक घरांत ही पाळी कधीच बदलत नाही आणि मागे पडते ती पत्नी. आपल्या घरात तसे होऊ नये म्हणून तारीख लिहून ठेवा. नव्याने आलेल्यांना स्थिरस्थावर होण्यासाठी मदत करणाऱ्या तिथल्या संस्थांच्या सेवा पीआर असलेल्यांना मोफत असतात, वैद्यकीय क्षेत्रातील बोलचालीसाठी व्यवसायविशिष्ट इंग्रजीचे वर्गही ओंटारिओत मोफत चालतात, आणि परवान्याच्या खर्चासाठी विंडमिल मायक्रोलेंडिंग ही धर्मादाय संस्था कमी व्याजाने कर्ज देते. या तिन्हींची माहिती विमानात बसण्यापूर्वी काढून ठेवावी.

प्रश्न : मी पंचवटीत आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो, बीएएमएस आहे. पत्नीची बदली टोरंटोला होत आहे. मला तिथे डॉक्टर म्हणून काही करता येईल का?

उत्तर : नाही. कॅनडातील वैद्यकीय परीक्षांसाठी आपली पदवी ग्राह्य धरली जात नाही, आणि ओंटारिओच्या १९९१ च्या कायद्यानुसार रुग्णसेवा देताना 'डॉक्टर' ही उपाधी ठरावीक नियंत्रित व्यवसायांतील नोंदणीकृत सदस्यांनाच लावता येते. आयुर्वेद हा तिथे नियंत्रित व्यवसाय नाही. निसर्गोपचार आणि होमिओपॅथी हे नियंत्रित आहेत, पण त्यांची नोंदणी स्वतंत्र शिक्षणावर आणि परीक्षेवर मिळते. आहार-दिनचर्येचे सल्ले देणारे केंद्र काढण्याचा विचार असेल तर निदान करणे आणि औषध देणे यांपासून दूर राहावे लागेल, आणि ती रेषा कुठे आहे हे तिथल्या वकिलाकडून समजून घ्यावे. औषध सुरक्षितता आणि संशोधनाच्या क्षेत्रात भारतात बीएएमएस पदवीधर मोठ्या संख्येने काम करतात. बदलीला अवधी असेल तर पुण्यात किंवा मुंबईत तो अनुभव घेऊन जाणे, हा माझा आपल्याला सल्ला आहे.

प्रश्न : आमचा मुलगा किर्गिझस्तानात एमबीबीएस करून सिन्नरला परतला. परदेशी पदवीधरांना भारतात नोंदणीसाठी द्याव्या लागणाऱ्या एफएमजीई परीक्षेत तीन वेळा अपयश आले. आता तो खोलीबाहेर पडत नाही. ओळखीचे एक जण म्हणतात, परीक्षा होईपर्यंत आमच्या रुग्णालयात रात्रपाळीला आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून बसू दे. पाठवावे का?

उत्तर : कृपा करून पाठवू नका. नोंदणी नसताना रात्रपाळीला बसून रुग्ण पाहणे हा वैद्यक व्यवसायच आहे, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. एखाद्या रात्री रुग्ण दगावला तर रुग्णालयाचे चालक हात झटकतील आणि नाव आपल्या मुलाचे राहील. त्याच्या पुढच्या नोंदणीवरही त्याचे सावट पडेल. मदत म्हणून पुढे केलेला हा हात त्याचे सर्वाधिक नुकसान करणारा आहे.

परदेशातून पदवी घेऊन आपल्याच देशात परवान्यासाठी थांबलेला आपला मुलगा आणि मिसिसॉगातील त्या डॉक्टर यांची स्थिती मूलतः सारखीच आहे, म्हणून उपायही जवळपास तेच आहेत. एफएमजीई वर्षातून दोनदा, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये होते. ३०० पैकी १५० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तीनही वेळचे गुण समोर ठेवा. ते १३० च्या आसपास असतील आणि वाढत असतील, तर अभ्यासाची पद्धत बदलून आणखी दोन सत्रे देणे योग्य ठरेल. नव्वदच्या घरात अडकले असतील तर पायाभूत विषयच कच्चे राहिले आहेत, आणि क्लास बदलून ते भरून निघणार नाहीत. त्यासाठी वर्षभराचा निश्चयी अभ्यास हवा. कोणत्याही बाजूने निर्णय घ्या, पण अभ्यासाच्या जोडीला दिवसाचे चार तास घराबाहेरचे काम असलेच पाहिजे. खोलीत बसून केलेला सोळा तासांचा अभ्यास हा अनेकदा अभ्यास नसतो, ती खचलेल्या मनाची अवस्था असते. खोलीबाहेर न पडणे पुष्कळ दिवस चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नका. डॉक्टरच्या घरात हे सांगायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे.

कामे कोणती? आरोग्य विमा कंपन्या आणि त्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या टीपीए संस्था यांच्याकडे दावे तपासण्यासाठी वैद्यकीय पार्श्वभूमीची माणसे लागतात. डिस्चार्ज कार्ड आणि बिल समोर ठेवून, दाखल करण्याची गरज होती का, उपचार निदानाशी जुळतात का, हे पाहायचे असते. त्यात रोज वीस-पंचवीस रुग्णांचे कागद वाचावे लागतात, आणि त्याचा एफएमजीईच्या अभ्यासालाही फायदा होतो. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्याचे काम पुण्या-मुंबईतील अनेक कंपन्यांत आहे. भारत सरकारचा औषध सुरक्षितता कार्यक्रमही २०१० पासून चालू आहे. मेडिकल कोडिंगचे, म्हणजे निदान व उपचारांना ठरलेले संकेतांक देण्याचे, काम लवकर मिळते, परंतु तिथे रात्रपाळी असते आणि वैद्यकीय विचाराला वाव कमी असतो, म्हणून ते तात्पुरते धरावे. परवान्याचा नाद सोडायचे ठरलेच, तर सार्वजनिक आरोग्यातील एमपीएच किंवा रुग्णालय व्यवस्थापनातील पदव्युत्तर शिक्षण हा भक्कम मार्ग आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचे शिक्षण आहे. परदेशी पदवीवर प्रवेश देतात का, हे शुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडून लेखी घ्यावे. आणि कोणतेही काम करताना, नोंदणी होईपर्यंत पाटीवर किंवा चिठ्ठीवर नावाआधी डॉक्टर लिहू नये.

प्रश्न : माझी मुलगी कॅल्गरीत एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात आहे आणि समाधानी आहे. पण गंगापूर रोडला आमच्याकडे येणारे-जाणारे विचारतात, "अजून प्रॅक्टिस सुरू नाही झाली?" तिचे वडील विषय बदलतात. काय सांगावे?

उत्तर : ती काय काम करते तेच सांगावे, पूर्ण आणि मान ताठ ठेवून: अमुक आजारावरच्या औषधाची चाचणी चालू आहे, त्यातील रुग्णांची जबाबदारी तिच्याकडे आहे. वडिलांनी विषय बदलला की तो पाहुण्यांच्या आधी मुलीला कळतो, फोनवरसुद्धा. तिच्याकडून तिच्या एका दिवसाची हकीकत त्यांनी नीट ऐकून घ्यावी. मग सांगण्यासाठी शब्द शोधावे लागणार नाहीत.

प्रश्न : नाशकातील एका सल्लागाराने 'डॉक्टरांसाठी कॅनडात हमखास पर्यायी नोकरी' असे पॅकेज सांगितले आहे. निम्मी रक्कम आगाऊ मागतात. भरावी का?

उत्तर : हमखास हा शब्द ज्या पत्रकावर आहे तिथे पैसे भरू नयेत. कॅनडात स्थलांतराचा सल्ला शुल्क घेऊन देण्याचा अधिकार तिथले वकील आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेचे परवानाधारक यांसारख्या मोजक्या अधिकृत व्यक्तींनाच आहे. या संस्थेची सार्वजनिक यादी ऑनलाइन पाहता येते, तिच्यात त्या सल्लागाराचे नाव शोधावे. नाव नसेल तर पुढे बोलण्याचे कारण नाही. नाव असले तरी नोकरी देण्याचे वचन हा वेगळा विषय आहे. नोकरी मालक देतो, सल्लागार नाही, आणि ती मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणे कॅनडाच्या अनेक प्रांतांत बेकायदा आहे. ज्या मालकाचे नाव सांगितले जाते त्या रुग्णालयाच्या किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरील पत्त्यावर आपण स्वतः पत्र पाठवून ती जागा खरोखर आहे का, हे विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत मूळ पदवी व पासपोर्ट कोणाच्याही कार्यालयात ठेवू नयेत. बायोडेटा सुधारणे, मुलाखतीचा सराव, मार्गदर्शक मिळवून देणे या गोष्टी त्या पॅकेजमध्ये असतील, तर त्यांतील बहुतेक पीआर असलेल्यांना तिथे मोफत मिळतात. ती रक्कम पहिल्या सहा महिन्यांच्या घरभाड्यासाठी राखून ठेवा.